अर्जुनीच्या पुस्तोड्यांची पदविका

अर्जुनी मोरगावात बसस्टँडच्या थोडं पुढे इंद्रकुमार पुस्तोडे यांचं कृषी केंद्र आहे. धानाचं बियाणं, खत, फवारणीची औषधं असा माल. गिऱ्हाइकानं तुडतुड्याचं औषध मागितलं की पुस्तोडे चष्मा लावतात, बाटलीला चिकटवलेली घडीची चिठ्ठी उलगडतात आणि शेवटपर्यंत वाचून दाखवतात. घाईतली माणसं शेजारच्या दुकानात निघून जातात. त्याचं त्यांना काही वाटत नाही. "न वाचता विकाले हे का चिवड्याचं पाकीट हाये?" असं ते म्हणतात.

वय साठीला टेकलेलं. जुन्या काळचे बी.ए. तलावाखाली थोडी धानाची शेती, बायको नंदाबाई आणि एकच मुलगी, रुचिका.

रुचिका नर्सिंग शिकली आणि गोंदियाच्या एका खाजगी दवाखान्यात लागली. तिथं अनूप तिर्की आपल्या आजारी वडिलांना घेऊन येत असे. तो रेल्वेत सिग्नलच्या कामावर. मूळचा जशपूरकडचा उरांव आदिवासी, घर आजोबांच्या आधीपासून कॅथलिक. वडील बरे होऊन गावी गेले, तरी अनूप दवाखान्याच्या दारात दिसत राहिला. दोनेक वर्षांनी रुचिका सुट्टीत घरी आली आणि जेवता जेवता म्हणाली, "बाबा, मी लग्न करून राहिली."

पुस्तोड्यांनी कोणाशी ते विचारलं. तिनं सांगितलं. त्यांनी आणखी एकच गोष्ट विचारली.

"चर्चमंदी?"

"हो."

ते ताटावरून उठले आणि हात धुवायला गेले.

लग्नाला अर्जुनीहून कोणी गेलं नाही. एका भाच्यानं व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवले. पांढरी साडी, हातात फुलं, समोर हात वर केलेला पादरी, मागं भिंतीवर क्रूस. पुस्तोड्यांनी फोटो बोटांनी मोठा करून पाहिला. मुलगी ख्रिश्चन झाली, हे त्यांनी त्यावरून ठरवून टाकलं. पुढच्याच महिन्यात नवेगावला समाजाचा वधू-वर मेळावा होता. तिथं ते स्वतःहून माईकजवळ गेले आणि म्हणाले, "माझ्या मुलीनं धर्म बदलला. आजपासून तिचा माझा संबंध नाही." संयोजकानं पुढच्या स्थळाचं नाव पुकारलं.

घरी येऊन त्यांनी नंदाबाईला बजावलं, "ह्या घरात तिचं नाव नोको."

नंदाबाई मागच्या वाडीत जाऊन फोनवर बोलायची. पुस्तोड्यांना ते माहीत होतं. तेवढ्या वेळात ते दुकानाकडे निघून जात.

अशी दोन वर्षं गेली. मग एका जूनमध्ये त्यांना पेपरात एक जाहिरात दिसली. नागपूरच्या एका विद्यापीठातल्या कॅथलिक अध्ययन केंद्राची. एक वर्षाची पदव्युत्तर पदविका, कोणत्याही धर्माच्या पदवीधराला प्रवेश. गोंदिया, बालाघाट, राजनांदगाव भागातल्या विद्यार्थ्यांसाठी शनिवार-रविवारचे वर्ग गोंदियातच भरणार होते. पुस्तोड्यांनी त्याच दिवशी फोन लावला आणि त्या आठवड्यातच कागदपत्रं नेऊन दिली.

"ह्या वयात शिकाचं, आन् थेही हेच?" नंदाबाईनं विचारलं.

"पोरगी ज्या दुकानात गेली तिथला माल का हाये, थे तं पाहू दे."

"पोरीलेच जाऊन पाहा ना. थे काऊन नाई जमत?"

पुस्तोड्यांच्या डोक्यात बेत पक्का होता. तो धर्म मुळापासून वाचायचा आणि मग खोडून काढायचा. कोणापुढं, ते त्यांनी ठरवलं नव्हतं.

जुलैपासून ते दर शनिवारी सकाळच्या गाडीनं गोंदियाला जाऊ लागले. रात्री स्टेशनजवळच्या धर्मशाळेत मुक्काम, रविवारी दुपारी परत. रुचिकाचं रेल्वे क्वार्टर रुळांच्या पलीकडे होतं, पादचारी पुलावरून पायी जाण्याइतकं जवळ. ते पुलाकडे वळले नाहीत.

वर्ग एका शाळेच्या वरच्या मजल्यावर भरे. विद्यार्थी मोजकेच. बालाघाटच्या दोन सिस्टर, सालेकशाकडच्या एका गावात प्रार्थना चालवणारा गुलशन उईके, काही शाळामास्तर. ख्रिस्ती नसलेले पुस्तोडे एकटेच. बायबलचा परिचय, चर्चचा इतिहास, उपासनाविधी, चर्चचा कायदा, सामाजिक शिकवण असे विषय होते. त्यातले बहुतेक डॉ. ब्रिजिट रुमाव शिकवत. मूळ वसईच्या, रोममध्ये चर्चचा कायदा शिकून आलेल्या, निवृत्तीला आलेल्या बाई. वर्गात हिंदी बोलत, पुस्तोड्यांशी मराठी. पण दोघांच्या मराठीचा मेळ बसायला वेळ लागला.

"निबंध आणलात का?" त्यांनी पहिल्या महिन्यात विचारलं.

"लिहून राहिलो, मॅडम."

"लिहून झाला ना? मग द्या."

"झाला नाई. लिहून राहिलो."

गुलशननं मध्ये पडून 'लिहितो आहे' असा अर्थ सांगितला, तेव्हा बाई हसल्या.

तो निबंध चर्चच्या इतिहासावर होता. पुस्तोड्यांनी पानंच्या पानं भरून टीका केली. युद्धं, धर्मसत्तेचे छळ, सक्तीची धर्मांतरं, जे जे सापडलं ते सगळं. निबंध परत आला तो शेरा घेऊन: 'मतं पुष्कळ, आधार एकही नाही. पुन्हा लिहा.'

पुस्तोडे तडक बाईंच्या टेबलापाशी गेले. "मी तुमच्या धर्माचा नाही म्हणून?"

"गुलशनच्या निबंधावरही हाच शेरा आहे," रुमाव बाई म्हणाल्या. "त्यानं तेवढीच पानं भरून स्तुती केली आहे."

गुलशननं आपला निबंध उचलून दाखवला. खरंच तोच शेरा होता.

पुस्तोड्यांनी निबंध पुन्हा लिहिला. त्यासाठी केंद्राच्या ग्रंथालयातून पुस्तकं मागवली आणि दुकानातल्या गल्ल्यावर ठेवून वाचू लागले. धान रोवणीचे दिवस होते, दुकानात गर्दी होती. एका शेतकऱ्यानं विचारलं, "काका, का वाचून राहिले?"

"इन्क्विझिशन."

"थे कोणत्या किडीवर मारतेत?"

पुस्तोड्यांनी त्याला जवळ बसवून चर्चनं पाखंडी ठरवलेल्यांवर चालवलेल्या खटल्यांची हकिकत सविस्तर सांगितली. तो युरिया न घेताच गेला. दुसऱ्या खेपेला निबंधाला बरे गुण मिळाले. टीका कमी झाली नव्हती, पण आता प्रत्येक वाक्याखाली पुस्तकाचं नाव होतं.

सप्टेंबरात उपासनाविधीच्या विषयासाठी काम मिळालं. एका रविवारी मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, हजर राहायचं आणि जे दिसेल ते लिहायचं. मत लिहायचं नाही. बाकीचे आपापल्या गावच्या चर्चमध्ये जाणार होते. पुस्तोड्यांना जवळ पडणारं चर्च एकच होतं, रेल्वे कॉलनीपलीकडचं. तिथं कोण येतं हे त्यांना ठाऊक होतं. दुसरं कुठलं चर्च चालेल का, असं ते रुमाव बाईंना विचारणार होते, पण मग कारण सांगावं लागलं असतं.

रविवारी सकाळी ते लवकर पोचले आणि अगदी मागच्या बाकावर, खांबाच्या आडोशाला बसले. हळूहळू लोक येऊ लागले. पहिली घंटा होता होता रुचिका आणि अनूप आले आणि मधल्या रांगेत बसले. तिला ते दोन वर्षांनी पाहत होते. अंग भरलं होतं, केस कापले होते. प्रार्थना हिंदीत चालली होती. काही गाणी ती म्हणत होती, काहींना नुसती उभी होती. पुस्तोडे वहीत लिहीत राहिले. पादरी काय म्हणाला, लोक कधी उभे राहिले, कधी गुडघ्यांवर आले.

शेवटाकडे परमप्रसाद घ्यायला लोक रांगेनं पुढं निघाले. अनूप उठला. त्या बाकावरचे सगळेच उठले. रुचिकानं त्यांना जायला वाट म्हणून गुडघे बाजूला घेतले आणि जागेवरच बसून राहिली. लोक परत आले, तेव्हा पुन्हा गुडघे बाजूला घेतले. हेही पुस्तोड्यांनी लिहिलं. तिला बरं नसावं, असं त्यांना वाटलं. शेवटचं गाणं सुरू व्हायच्या आत ते बाहेर पडले.

पुढच्या शनिवारी सगळ्यांनी आपापलं टिपण वर्गात वाचलं. पुस्तोड्यांनी वाचलं, "मधल्या रांगेतली एक स्त्री प्रसाद घ्यायला गेली नाही. बसून राहिली."

रुमाव बाईंनी वर्गाला विचारलं, "का बसली असेल?"

"पापस्वीकार केला नसेल," एक सिस्टर म्हणाली.

"किंवा बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झालेली नसेल, मग प्रसाद घेता येत नाही," गुलशन म्हणाला. "पाहुणी असेल."

"पाहुणी नाही," पुस्तोडे म्हणाले. "नवरा कॅथलिक आहे. लग्न चर्चमध्ये झालं आहे. मग बाप्तिस्मा झालेलाच असणार."

"असणारच असं नाही," बाई म्हणाल्या. "हे आपण पुढच्या महिन्यात कायद्यात शिकणार आहोत, पण आत्ताच सांगते. कॅथलिक माणसाला बाप्तिस्मा न झालेल्या व्यक्तीशी लग्न करायचं असेल तर बिशपकडून सूट मिळते. दोन्ही बाजूंशी बोलून, विचारपूस करून. लग्न चर्चमध्येच लागतं. मुलीनं धर्म बदलायची अट नसते."

"मंजे थे पोरगी हिंदूच राहते?"

"ती जी आहे ती राहते."

पुस्तोड्यांनी हा प्रश्न आणखी दोन तऱ्हांनी विचारून पाहिला. उत्तर तेच आलं. मग ते खाली बसले. त्या दिवशी त्यांनी वर्गात आणखी काही विचारलं नाही, म्हणून गुलशननं त्यांना तब्येतीबद्दल विचारलं.

वर्ग सुटल्यावर ते पादचारी पुलावरून पलीकडे गेले. तिर्कीचं क्वार्टर एका गँगमननं दाखवलं. दार अनूपनं उघडलं. त्यानं ओळखलं आणि तो दारातून बाजूला झाला.

"आइए, पापाजी. रुचिका ड्यूटी पर है, आती ही होगी."

पुस्तोडे खुर्चीवर बसले. अनूपनं पाणी आणलं, मग चहा ठेवला. कप हातात आल्यावर पुस्तोड्यांनी हिंदीत विचारलं, "रुचिका ने बपतिस्मा लिया है क्या?"

"नहीं."

"और शादी?"

"बिशप साहब से इजाज़त ली थी. उसने पहले ही कह दिया था, धरम नहीं बदलूँगी. मैंने कहा, मत बदलो."

रुचिका आली तेव्हा वडील तिच्या घरात बसून चहा पीत होते. तिनं पर्स ठेवली, चप्पल काढली आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

"तू धर्म बदलला नाई," पुस्तोडे म्हणाले.

"नाई."

"मले काऊन नाई सांगतलं?"

"तुमी विचारलं कधी?" ती म्हणाली. "चर्चमंदी का, इतकंच विचारलं आन् उठून गेले. आईले माहीत हाये. पहिल्या दिवसापासून माहीत हाये."

पुस्तोड्यांना राग आला नाही. उलट बरं वाटलं, असं त्यांनी नंतर सांगितलं. पण ते बरं वाटणं फार टिकलं नाही. रुचिका पाण्याचा पेला घेऊन समोर बसली, तेव्हा तिला सातवा महिना लागला असल्याचं त्यांच्या लक्षात आलं, आणि लग्नाच्या परवानगीचा अभ्यासक्रमातला पुढचा भागही आठवला. त्या पुस्तकाची पानं त्यांनी त्याच दिवशी वर्गात बसल्या बसल्या चाळली होती.

"लेकराचं का?" त्यांनी विचारलं. "कॅथलिकाले वचन द्या लागते ना, लेकराले बाप्तिस्मा देईन मनून?"

अनूपला मराठी कळत होती. त्यानं मान हलवली. "दिया है. रुचिका के सामने दिया है."

पुस्तोडे कप खाली ठेवून उठले. पोरीला सोडलं आणि नातवंड घेतलं, हा सौदा आहे, असं काहीबाही ते बोलले. आवाज चढला. शेजारच्या क्वार्टरमधली बाई दारात येऊन उभी राहिली. रुचिका थांबा म्हणाली नाही. ते पूल ओलांडून स्टेशनावर आले आणि रविवारचा वर्ग सोडून पहाटेच्या गाडीनं घरी गेले.

घरी त्यांनी नंदाबाईला विचारलं, "तुले माहीत होतं. मले काऊन नाई सांगतलं?"

"तुमी मनलं होतं, ह्या घरात तिचं नाव नोको," नंदाबाई म्हणाली. "मी नाव घेतलं नाई."

ती भात वैरत होती. तिनं मागं वळून पाहिलं नाही.

कोजागिरीला समाजाची बैठक होती. पुस्तोडे उभे राहिले आणि म्हणाले, मागं मी मुलीनं धर्म बदलला असं सांगितलं होतं, ते खोटं निघालं. तिनं बदललेला नाही. एकानं विचारलं, मग होणाऱ्या लेकराचं काय? पुस्तोडे म्हणाले, तो प्रश्न वेगळा आहे, मी आज एवढंच दुरुस्त करायला उभा राहिलो. बऱ्याच जणांना आधीचं भाषण आठवतही नव्हतं. मग दूध वाटलं गेलं.

पण गोंदियाला ते जाईनात. सलग काही शनिवार गेले नाहीत, तेव्हा रुमाव बाईंचा फोन आला.

"पुस्तोडेकाका, कायद्याचा विषय सुरू झालाय. तुम्ही नाही, तर वर्गात कोणी प्रश्नच विचारत नाही."

"तुमच्या कायद्यानं माझं नातवंड नेलं, मॅडम." आणि त्यांनी सगळं सांगितलं. दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती, तरी सांगितलं.

बाईंनी मध्ये तोडलं नाही. मग म्हणाल्या, "तुम्ही मिस्सात पाहिलेली ती स्त्री तुमची मुलगी होती."

"हो."

"मग हेही पूर्ण वाचा. वचन फक्त कॅथलिक जोडीदाराचं असतं. 'माझ्यानं होईल तेवढं करीन', इतकंच. दुसऱ्या जोडीदाराला ते कळवायचं असतं. त्याच्याकडून वचन घेत नाहीत. तुमची मुलगी नाही म्हणू शकते. मग ते दोघांनी घरात बसून ठरवायचं. त्या वचनासाठी संसार मोडा, असं चर्च सांगत नाही."

"थे नाई मनू शकते?"

"शकते."

फोन ठेवल्यावर पुस्तोड्यांनी गिऱ्हाइकांना बसायला सांगितलं आणि रुचिकाला फोन लावला. दोन वर्षांत पहिल्यांदा तो नंबर त्यांनी स्वतः लावला होता. नंदाबाईच्या मोबाइलवरून तो आधी उतरवून घेतलेला होता.

"रुची, तुले नाई मनता येते. कायद्यानं येते. मी विचारलं."

"मले माहीत हाये, बाबा," ती म्हणाली. "पादरीनं लग्नाच्या आधीच सांगतलं होतं."

"मंग?"

"मी हो मनली. अनूपनं मले माझ्या धर्मात राहू देलं. लेकरू त्याच्या चर्चमंदी न्या, थे मी मनली. मलेच वाटलं थे."

पुस्तोड्यांजवळ मुद्दे होते, पण ते सगळे अनूपसाठी, पादरीसाठी, रुमाव बाईंसाठी जमवलेले. रुचिकासाठी एकही नव्हता.

"तब्येत कशी हाये?" त्यांनी विचारलं.

"चांगली हाये. पाय सुजून राहिले."

"मीठ कमी खा," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

पुढच्या शनिवारी ते वर्गात गेले. वर्षअखेरच्या प्रकल्पासाठी त्यांनी 'गोंदिया जिल्ह्यातील मिश्र विवाह' हा विषय घेतला. गुलशनच्या ओळखीनं सालेकशाकडच्या काही घरांत गेले. पहिल्या मसुद्यात त्यांनी एका नाव न दिलेल्या 'अर्जुनीकडील पित्या'बद्दल खूप लिहिलं होतं. हा पिता इतरांपेक्षा चौपट बोलतो, असं म्हणून रुमाव बाईंनी ती पानं कमी करायला लावली.

डिसेंबरात रुचिकाला मुलगी झाली. नंदाबाई महिनाभर आधीच गोंदियाला जाऊन राहिली होती. पुस्तोडे शनिवार-रविवार तिथंच मुक्काम करू लागले, धर्मशाळा सुटली. अनूपशी बोलणं फार होत नसे. सिग्नल कसा चालतो ते त्यांनी त्याला एकदा विचारलं आणि त्यानं कागदावर आकृती काढून समजावलं, तेवढंच लांबलचक बोलणं.

जानेवारीच्या शेवटच्या रविवारी बाप्तिस्मा ठरला. आपण येणार नाही, असं पुस्तोड्यांनी आठवडाभर सांगितलं. रविवारी ते धुतलेला शर्ट घालून सगळ्यांच्या आधी दाराशी उभे होते. चर्चमध्ये यावेळी ते पुढच्या बाकावर, नंदाबाईशेजारी बसले. पादरीनं आईवडिलांना आणि धर्ममातापित्यांना प्रश्न विचारले, अनूपनं आणि धर्ममातापित्यांनी उत्तरं दिली. त्या उत्तरांच्या वेळी रुचिका गप्प राहिली, पुस्तोडेही. मुलीच्या कपाळावर पाणी पडलं तेव्हा ती किंचाळून रडली. नंदाबाई जागेवरून अर्धी उठली आणि परत बसली. मुलीचं नाव मार्था ठेवलं. घरात मंजू म्हणायचं ठरलं होतं.

परतीच्या गाडीत थंडी होती.

"का वाटलं?" सौंदड मागं पडल्यावर नंदाबाईनं विचारलं.

"पाणी लय थंडं होतं," पुस्तोडे म्हणाले. "कोमट केलेलं चालते. नियमात लिहून हाये. पादरीले सांगा लागन."

मार्चमध्ये अर्जुनीला बारसं झालं. घुगऱ्या वाटल्या, शेजारच्या बायांनी पाळणा म्हटला. अनूपची आई जशपूरहून आली होती. तिला मराठी येत नव्हती आणि नंदाबाईला सादरी, पण दोघी सकाळपासून चुलीपाशी एकत्र बसल्या होत्या. समाजातले निम्मे लोक आले, निम्मे आले नाहीत. एप्रिलात परीक्षा झाली. पुस्तोडे द्वितीय श्रेणीत उत्तीर्ण झाले, चर्चच्या कायद्यात वर्गात सर्वांत जास्त गुण मिळाले. हे लग्न आपल्याला पटलेलं नाही, असं ते आजही सांगतात, आणि त्यासाठी तीन कारणं देतात. धर्म बदलल्याचं कारण त्यांत नाही.